पहिला हात बाहुलीवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत असा मंडळाचा प्रघात आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि उभा जन्म घरसंसारात गेलेला. तेव्हा मी पापड-लोणची नाहीतर रुखवत यांवर काही सांगेन, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज मी जरा निराळा विषय घेतला आहे. डॉक्टर, सिस्टर, आशाताई, अँब्युलन्सवरची माणसे, आगीच्या बंबावरचे जवान ही सगळी मंडळी आपले काम शिकतात कशी, हा तो विषय. "आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?" असे जिच्या मनात येईल तिने शेवटपर्यंत थांबावे, एवढीच विनंती. कारण ती मंडळी जे शिकतात, किंवा शिकत नाहीत, ते शेवटी आपल्याच अंगावर येते.

आपण लेकीला भाकरी थापायला शिकवतो तेव्हा तिची पहिली भाकरी पाहुण्याच्या ताटात वाढत नाही. ती गाईला जाते, नाहीतर आपण स्वतः खातो. शिवण शिकवताना हातात जुने धडुते देतो. नव्या पैठणीवर पहिली कात्री कुणी चालवायला देईल का? नाही ना? मग मला सांगा, इंजेक्शन द्यायला शिकणाऱ्या मुलीची पहिली सुई कुणाच्या दंडात जाते? बाळंतपण शिकणाऱ्या डॉक्टरचा पहिला हात कुणावर पडतो?

याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, फक्त आपण ते बोलत नाही. शिकाऊ हात गरिबाच्या अंगावर पडतो. पैसेवाला मोठ्या डॉक्टरचे नाव विचारून जातो. ज्याला नाव विचारायची सोय नाही तो खाटेवर निजतो आणि जो येईल त्याच्यापुढे हात करतो. काही वर्षांपूर्वी तापाने मला एका दवाखान्यात ठेवले होते. सलाईन लावायला एक कोवळी पोर आली. चार वेळा सुई टोचली, तरी शीर काही सापडेना. माझ्यापेक्षा तिचाच हात जास्त थरथरत होता. मला तिचा राग आला नाही. घरात तिच्याच वयाच्या लेकी आहेत. पण तिला आधी धड न शिकवता माझ्यापुढे उभे करणाऱ्यांचा मात्र आला.

पुढे माझ्या जावेची लेक नर्सिंगला गेली आणि या दुखण्यावर औषध आहे हे मला कळले. ती सांगत होती, "काकू, आम्हाला आधी रबराचा हात देतात." त्या हाताला माणसासारखी कातडी असते, आत रबरी नळ्यांच्या शिरा असतात आणि त्यांतून लाल पाणी खेळवलेले असते. सुई बरोबर शिरेत गेली की लाल थेंब दिसतो, चुकली की दिसत नाही. दहा वेळा चुका, वीस वेळा चुका, रबराला दुखत नाही. हात बसला की मगच माणसाजवळ जायचे, आणि तेही पहिल्यांदा शिकवणाऱ्या बाई शेजारी उभ्या असताना. ज्या खोलीत अशा बाहुल्या आणि अवयव ठेवलेले असतात तिला कौशल्य प्रयोगशाळा म्हणतात. आपल्या शहरातले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ साली सुरू झाली. त्या काळी देशात कुठेही डॉक्टर व्हायचे तर बहुतेक सारे शिक्षण रोग्याच्या उशाशीच व्हायचे. २०१९ साली साऱ्या देशात डॉक्टरकीचा नवा अभ्यासक्रम आला, आणि त्याबरोबर अशा प्रयोगशाळांतल्या सरावावर भर आला.

हे सगळे साहेबांकडून आलेले नवे खूळ आहे असे कुणी समजू नये. आमच्या गल्लीत आयुर्वेद शिकणारी एक मुलगी आहे. तिने मला सुश्रुतसंहितेतला एक अध्याय वाचून त्याचा अर्थ सांगितला. त्या अध्यायाचे नावच मुळी सरावावरून पडले आहे. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या शिष्याने आधी कशावर हात बसवावा याची त्यात यादी आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड आणि काकडी यांवर करावा. भेदण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर करावा. शीर टोचायचा सराव कमळाच्या देठावर आणि मेलेल्या जनावराच्या शिरांवर, तर टाके घालायचा सराव जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर. आणि पट्टी बांधायला शिकायचे ते चिंध्यामातीच्या माणसावर, म्हणजे बाहुलीवरच की! शिष्य कितीही ग्रंथ पढलेला असो, सरावावाचून तो कामाला अपात्र, असेही तिथे बजावले आहे. ऐकून मला हसू आले. कोहळा, भोपळा, काकडी! अहो, ही तर आपलीच भाजीची टोपली. आपल्या स्वयंपाकघरातला न्याय वैद्याला लावला, एवढेच त्या ऋषींनी केले.

आता दूर देशीची एक गोष्ट सांगते, कारण ती एका सुइणीची आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची एक सुईण होती. खेड्यापाड्यांत बाळंतिणी आणि बाळे फार दगावत. १७५९ साली तिथल्या राजाने तिला गावोगाव हिंडून बायकांना बाळंतपण शिकवण्याची सनद दिली. शिकणाऱ्या पुष्कळ बायांना अक्षरओळख नव्हती. मग पुस्तक कोण वाचणार? बाईंनी कापड आणि चामडे घेऊन बाळंतिणीच्या कमरेएवढी एक आकृती शिवली. आत बाळ, वार, नाळ, सगळे कापडाचेच. बाळ आडवे आले तर काय, पायाळू आले तर काय, हे त्या बाया हाताने करून शिकल्या. वीस वर्षांहून अधिक काळ त्या हिंडल्या आणि हजारो बायांना त्यांनी शिकवले. त्यांच्या त्या कापडी बाहुलीचा एक नमुना फ्रान्समधल्या रुआँ शहरात अजून जपून ठेवला आहे. सुईदोरा घेऊन एका बाईने केवढे काम केले, पाहा!

दुसरी बाहुली नॉर्वे देशातली. आस्मुन लेर्डाल हा तिथला खेळणी करणारा माणूस. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या तो करी. बुडालेल्या किंवा हृदय थांबलेल्या माणसाच्या तोंडात श्वास फुंकून आणि छाती दाबून त्याला परत आणता येते, हे त्या सुमारास डॉक्टरांनी दाखवून दिले होते. पण लोकांना शिकवायचे कशावर? जिवंत माणसाची छाती सरावासाठी दाबता येत नाही. बरगडी मोडायची! तेव्हा १९६० साली लेर्डालने माणसाएवढी बाहुली केली. आज जगभर लोक तिच्यासारख्या बाहुल्यांवर शिकतात. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवायचे, कोपर ताठ ठेवायचे, आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने, निदान ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, छाती खाली जाईल असे दाबायचे. दर वेळी ती पुरती वर येऊ द्यायची. सांगायला सोपे आहे. पण दोन इंच म्हणजे किती जोर, हे ऐकून कळत नाही. काही बाहुल्यांत बरोबर दाब पडला की 'टिक' असा आवाज होतो. तो आवाज एकदा हाताने काढला की मगच समजते, की आपण भितभित जेवढे दाबतो ते काहीच नव्हे.

आता आपल्या मुलखाकडे येते. माझी वहिनी फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात आशाताई आहे. आशा योजना २००५ साली सुरू झाली, आणि २०११ पासून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. बाळ दवाखान्यात जन्मले तरी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाते. त्या कामाच्या शिक्षणात वहिनीच्या मांडीवर बाहुली दिली होती. हात कसे धुवायचे, झोळीच्या काट्यात बाळ कसे ठेवायचे, तापमान कसे घ्यायचे, बाळाला दुधाला कसे धरायचे, कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने कसे बांधायचे, हे सगळे त्या बाहुलीवर. ती घरी येऊन सांगू लागली तेव्हा तिच्या सासरी हसू झाले. "या वयात भातुकली खेळून आलीस?" असे म्हणाले. पुढे त्याच घरातल्या सुनेचे बाळ पावणेदोन किलोचे निघाले. तेव्हा त्या 'भातुकली'वाल्या बाईनेच ते आईच्या छातीशी बांधून, वर गोधडी गुंडाळून, दवाखान्याच्या गाडीत नेले. बाळ वाचले. आता तिला कुणी हसत नाही.

या घरोघरच्या कामाची वाट दाखवली ती आपल्याच महाराष्ट्रातल्या गडचिरोलीने. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना बाळाची काळजी घ्यायला तयार केले. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास देणेसुद्धा त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे जगापुढे आले. मैत्रिणींनो, माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला हे ऐकून किती बळ येते म्हणून सांगू! मोठे पुस्तक वाचता येत नसेल, पण हाताने करून दाखवले तर आपला हात कुणाच्याही हाताइतकाच शिकतो.

दवाखान्यातल्या सिस्टरांसाठीही २००९ पासून नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यातही बाहुलीच. शंभरातली पाच-दहा बाळे जन्मल्यावर आपली आपण श्वास घेत नाहीत. त्यांना पुसून, पाठ चोळून, आणि तरी नाहीच जमले तर पिशवीने, पहिल्या एका मिनिटात श्वास द्यावा लागतो. एक मिनिट म्हणजे काय? दूध उतू जायला लागते त्याहून कमी वेळ. तेवढ्यात पिशवी कुठे ठेवली, मुखवटा कोणत्या बाजूने धरायचा, असे शोधत बसले तर बाळ गेले. म्हणून सिस्टर बाहुलीवर पुन्हा पुन्हा तेच करतात. मन घाबरले तरी हाताने आपले काम विसरू नये, यासाठी हा सराव.

याच्या पुढची पायरी नाटकाची आहे. बाळंतपण शिकवताना कधी कधी शिकवणारी बाईच पोटाला एक कापडी पोट बांधून खाटेवर निजते. त्यात बाहुलीचे बाळ असते आणि लाल पाण्याची पिशवी असते. ती कळा देते, ओरडते, घाबरते. बाळ येते, आणि मग ती हळूच पिशवी दाबून रक्तस्राव सुरू करते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात बाळंतिणींच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. त्यात गर्भाशय कसे चोळायचे, कोणते औषध द्यायचे, मोठ्या डॉक्टरला कुणी बोलवायचे, हे सगळे चार जणींनी मिळून एकाच वेळी करायचे असते. म्हणून सराव एकटीचा नसतो. तो चौघींचा असतो. एकीने सांगितले, "इंजेक्शन दे," की दुसरीने मोठ्याने म्हणायचे, "इंजेक्शन देते," आणि दिल्यावर, "दिले." वाणी नाही का आपली यादी परत म्हणून दाखवत! तेवढ्यानेच चूक टळते.

मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. खेळ संपल्यावर ती निजलेली बाई उठते आणि सांगते, "तुम्ही सगळे छान केलेत, पण माझ्याशी कुणी एक शब्द बोलले नाही. मी फार भ्याले होते." आपल्यापैकी कितीजणींनी बाळंतपणाच्या खोलीत टाकून बोललेले ऐकले आहे, ते मी विचारत नाही. आपण एकमेकींना सांगितलेलेच आहे. औषध देण्यासारखे बोलणेही शिकावे लागते, त्याचीही तालीम करावी लागते, हे कुणाच्या तरी ध्यानात आले याचा मला आनंद झाला. आणि खेळानंतर सगळ्या गोल करून बसतात. रागावणे नाही, नाव ठेवणे नाही. काय दिसले, काय राहिले, पुढच्या वेळी काय करू, एवढेच बोलायचे. लग्नघरी पंगती उठल्यावर आपण सुपारी कातरत बसतो आणि वरण कुठे कमी पडले ते बोलतो, तसेच.

आता संकटात धावणाऱ्यांचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण मराठवाड्यातली माणसे विसरणार नाही. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. गावकरी हातांनी ढिगारे उपसत होते. त्या दुःखातून आपल्या राज्याने आपत्तीची आधी तयारी करायची असते हे शिकून घेतले. २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला आणि त्यातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक बटालियन पुण्याजवळ आहे. ढिगाऱ्याखालच्या माणसाला कसे काढायचे याची ते जवान आधी खोट्या ढिगाऱ्यावर तालीम करतात. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या अँब्युलन्स धावू लागल्या. त्या गाडीत डॉक्टर असतो, पण हलत्या गाडीत, रस्त्याच्या खड्ड्यांत, हात चालवायचा तर तोही शिकूनच यावा लागतो. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या तालमी ठरल्या, त्या यादीत आपल्या शहराचेही नाव होते. त्या दिवसांत पुष्कळांनी थट्टा केली. मी केली नाही. कारण मला भंडारा आठवत होता.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या खोलीला आग लागली. सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. त्या आयांचे दुःख मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि कुणाला दोष द्यायला मी इथे उभी नाही. पण तेव्हापासून मला एक वाटते. धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीतून काचेच्या पेटीतले बाळ कसे उचलायचे, कोणत्या दाराने न्यायचे, वीज कुणी तोडायची, याचा सराव प्रत्येक दवाखान्यात, रात्रपाळीच्या माणसांकडूनसुद्धा, बाहुल्या घेऊन वरचेवर झालाच पाहिजे. भिंतीवर लावलेली सूचना आगीत कुणी वाचत नाही.

बाहुलीने सगळे होते असे मी म्हणत नाही. बाहुली रडत नाही, तिला नातेवाईक नसतात, ती आपल्या डोळ्यांत पाहत नाही. शेवटी माणसाजवळ माणसाकडूनच शिकावे लागते. शिवाय एकदा शिकलेले काही महिन्यांत हातातून निसटते. वर्षातून एकदा पुरणपोळी करणारीची पहिली पोळी फाटतेच की! म्हणून सराव चालू राहावा लागतो. आणि या बाहुल्या स्वस्तही नाहीत. पण माझे म्हणणे एवढेच आहे की, अडाणीपणाचा पहिला भाग, ती थरथर, ते चाचपडणे, बाहुलीवर संपावे. गरिबाचे अंग ही शिकण्याची पाटी नव्हे.

तेव्हा आता आपल्यापुढे तीन गोष्टी ठेवते. पहिली ही की, आपल्या लेकी-सुनांपैकी कुणी नर्सिंग शिकत असेल, कुणी आशाताई असेल, तर तिच्या बाहुलीला हसू नये. तिला घरी सरावाला वेळ द्यावा, आणि तेवढा वेळ भांडी आपण घासावीत.

दुसरी अशी. दवाखान्यात शिकाऊ मुलगा-मुलगी आली तर तिला झिडकारू नये, पण गोड बोलून विचारावे, "बाळा, आधी बाहुलीवर केलंस ना? तुझ्या बाई कुठे आहेत?" हे विचारणे हा आपला हक्क आहे. आपण विचारू लागलो की शिकवणाऱ्यांनाही ते करावेच लागेल.

तिसरी गोष्ट बोलताना थोडी भीती वाटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी वाण लुटतो. प्लॅस्टिकचे डबे, वाट्या, चाळण्या. प्रत्येकीच्या माळ्यावर त्यांचा ढीग पडला आहे. यंदा एक वर्ष ते वाण न लुटता तो पैसा एकत्र करावा आणि मंडळासाठी छाती दाबण्याच्या सरावाची एक बाहुली घ्यावी. अगदी साधी, कमरेपर्यंतची. एखाद्या जाणत्या सिस्टरला बोलवावे आणि दर तीन महिन्यांनी मंडळाच्या सभेत अर्धा तास प्रत्येकीने ती दाबून पाहावी. एकीने छाती दाबायची, दुसरीने १०८ ला फोन करून पत्ता नीट सांगायचा, तिसरीने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून गाडीला वाट दाखवायची. सवाष्णीला वाण देताना आपण तिच्या सौभाग्याचे मागतो. तिच्या घरचे माणूस जमिनीवर कोसळले तर गाडी येईपर्यंत त्याचे रक्त खेळते ठेवणारी शेजारीण, याहून मोठे वाण कोणते? आणि या वाणाला सवाष्ण-विधवा हा भेदही नको. ते सगळ्यांनी लुटावे.

पटले तर आजच्या सभेत तसा ठराव व्हावा, आणि नाही पटले तर का नाही ते मोकळेपणाने बोलावे.